‘बॉम्बे’ रक्त हवे आहे? निरोप पूर्ण लिहा!

‘बॉम्बे ब्लड ग्रुपचे रक्त तातडीने हवे. पेशंट सीरियस. प्लीज फॉरवर्ड.’ लालबागच्या मंडळाच्या, दादरच्या सोसायटीच्या, गिरगावातल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा निरोप अधूनमधून येऊन आदळतो. त्यात रुग्णाचे नाव असते, कधी फोटोही असतो. तारीख मात्र नसते. गट कोणत्या रक्तपेढीने तपासला, किती पिशव्या हव्यात, कधीपर्यंत हव्यात, यातले काहीच नसते. वाचणाऱ्याचा जीव कळवळतो आणि निरोप आणखी पन्नास जणांकडे जातो.

मदतीची इच्छा या शहरात कधी कमी पडलेली नाही. कमी पडते ती माहिती. नेहमीच्या रक्तगटांच्या बाबतीत तेवढ्याने फार बिघडत नाही, कारण दाते पुष्कळ असतात. ‘बॉम्बे’ गटाचे तसे नाही. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो, युरोपात तर दहा लाखांत एखाद्याचा.

या गटाचा शोध परळच्या केईएम रुग्णालयात लागला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही जणांचे रक्त ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणाशीच जुळत नसल्याचे आढळले. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या सात लेखकांपैकी भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया मुंबईचे, तर रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स लंडनचे. परळमध्ये पडलेले कोडे सोडवायला थेट लंडनच्या जाणकारांची साथ घेतली गेली, तीही इंटरनेट नसताना. केईएमच्या आवारातच आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था आहे. दुर्मीळ गटांच्या दात्यांची नोंदवही ती ठेवते.

कोडे काय होते? ए आणि बी हे गट तांबड्या पेशींवरच्या शर्करेच्या साखळ्यांवरून ठरतात. या दोन्ही साखळ्या ज्या पायावर उभ्या राहतात, त्याला ‘एच’ म्हणतात. ओ गटात ए नसतो, बी नसतो, पण एच भरपूर असतो. ‘बॉम्बे’ गटात हा पायाच नसतो. त्यामुळे अशा माणसाच्या शरीराला एच परका वाटतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार असतात. ‘ओ निगेटिव्ह कोणालाही चालते’ हे शाळेपासून पाठ झालेले वाक्य इथे घातक ठरते. ओ रक्त दिले, तर त्यातल्या पेशी रुग्णाच्या शरीरात फुटू लागतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

अडचण अशी, की घाईच्या तपासणीत हा गट ‘ओ’सारखाच दिसतो. ए आणि बीविरुद्धचे द्राव टाकून गुठळ्या झाल्या नाहीत, की कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींबरोबरही तपासला, तरच त्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि शंका येते. मग ‘अँटी-एच’ वापरून खात्री करतात. (हे द्रव्य युरोपातल्या पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळते.) म्हणून रक्त देण्यापूर्वीची जुळवणी, म्हणजे क्रॉसमॅच, कितीही घाई असली तरी शक्यतो टाळू नये. मे २०२४ मध्ये इंदूरमध्ये उपचार घेणाऱ्या एका महिलेला आधी दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी ओ पॉझिटिव्ह रक्त दिले गेले आणि तिची प्रकृती ढासळली, अशा बातम्या आल्या होत्या. गट ‘बॉम्बे’ असल्याचे कळल्यावर रक्तदात्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप गेला आणि शिर्डीहून एक दाता चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास मोटारीने करून तिथे पोहोचला.

हे वाचून ऊर भरून येतो, आणि यावा. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. ज्या गटाचे दाते बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक जण शिळ्या निरोपावर धावत गेला आणि ‘आलोच आहे तर’ म्हणून रक्त देऊन बसला, तर तीन महिने तो खऱ्या गरजवंताच्या उपयोगाचा राहत नाही. दिलेली पिशवी साध्या शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून गोठवली तर दहा वर्षांपर्यंत ठेवता येते, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. या गटाच्या व्यक्तीने मंडळाच्या शिबिरात उत्साहाने रक्तदान करू नये, ते याच कारणासाठी. तिने नाव नोंदवावे, फोन नंबर बदलला तर कळवावा आणि बोलावणे येईपर्यंत थांबावे.

मागणाऱ्यानेही निरोप नीट लिहायला हवा. रुग्णालय आणि गाव, गट निश्चित करणारी रक्तपेढी, आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, पिशव्यांची संख्या, रक्त लागण्याची तारीख, निरोप लिहिल्याची तारीख आणि वेळ, आणि रक्तपेढीचा फोन. नातेवाइकांपेक्षा रक्तपेढीचाच नंबर द्यावा, कारण पुढचे प्रश्न तांत्रिक असतात आणि त्यांची उत्तरे तिथेच मिळतात. शिवाय घरच्यांचा नंबर एकदा फिरू लागला, की वर्षभर फोन येत राहतात. रुग्णाचा फोटो आणि आजार जगजाहीर करण्याचे तर काहीच कारण नाही. कोणी ‘दुर्मीळ रक्त आहे, इतके पैसे लागतील’ असे सांगू लागला, तर तिथेच बोलणे थांबवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे.

दात्याने प्रत्येक वेळी प्रवास करायलाच हवा, असेही नाही. जानेवारी २०१६ मध्ये ढाक्यातल्या एका अपघातग्रस्त तरुणासाठी ‘बॉम्बे’ रक्त हवे होते. मुंबईतल्या चार दात्यांनी इथेच रक्त दिले आणि चार पिशव्या थंड पेटीतून बांगलादेशात गेल्या. रक्तपेढीने रक्तपेढीशी बोलून काम केले, की असे जमते.

आणि काम झाल्यावर? ‘रक्त मिळाले, आता कोणी फोन करू नये’ हा दुसरा निरोप पहिल्याइतक्याच तत्परतेने पाठवायला हवा. घरच्यांच्या मनःस्थितीत ते राहून जाते, समजण्यासारखे आहे. म्हणून हे काम शेजारच्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे आधीच सोपवावे. ग्रुप चालवणाऱ्यांनी पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरावर एक फोन करावा. दोन मिनिटे लागतात.

व्हॉट्सअॅप उघडण्याआधी करण्याजोगी आणखी एक गोष्ट असते, आणि बहुतेक घरांत ती नंतर आठवते. हा गट आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो. त्यामुळे रुग्णाच्या सख्ख्या भावाबहिणींपैकी प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता साधारण चारात एक इतकी असते. अनोळखी हजार माणसांतही एवढी शक्यता मिळत नाही. भावाच्या कार्डावर ‘ओ’ लिहिले असेल, तर त्यावर विसंबू नये. अँटी-एचची तपासणी त्याची आधी करावी.