शिक्षणहक्काचा कायदा : पालकांस काय सांगावे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम संसदेने २००९ साली मंजूर केला व तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास आठवीपर्यंतचे शिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. कायदा दिल्लीस झाला, तरी त्याचा अर्थ गावास समजावून देण्याचे काम शिक्षकावाचून दुसरे कोण करणार?

सर्वांत अधिक गैरसमज ‘सक्ती’ या शब्दाविषयी आढळतो. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली केलेला कायदा असो वा १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम असो, त्यांत सक्तीचा रोख पालकावर होता. मूल शाळेत न धाडल्यास दंडाची तरतूद होती. नव्या कायद्यात मूल शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे खरे, परंतु त्यासाठी दंड ठेविलेला नाही. सक्ती आहे ती शासनावर. बालकाचा प्रवेश, त्याची उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता ही शासनाने पाहावयाची आहे. दंडाच्या भीतीने शिक्षकास टाळणाऱ्या पालकास हे आधी सांगावे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडतात, त्या वेळी या कायद्याची खरी कसोटी लागते. कलम ५ प्रमाणे मुलास दुसऱ्या शाळेत जाता येते व मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून नव्या शाळेस प्रवेश अडविता येत नाही. जन्माचा पुरावा नाही, किंवा वर्ष निम्मे सरले, हीही कारणे चालत नाहीत. शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसवून मागील अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. या गोष्टी टोळी निघण्यापूर्वी आईबापांस सांगितल्या, तरच त्यांचा उपयोग. मूल फडावर गेल्यानंतर सांगून काय लाभ?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात व दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कलम २१ सांगते. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही समितीची कामे होत. सभा न भरविता इतिवृत्तावर घरोघरी सह्या घेणे सोपे असते. तशी समिती मात्र कागदापुरतीच राहते. सभा शेतीची कामे आटोपल्यावर, सायंकाळी घ्यावी. अनुदान किती आले व कशावर खर्चले, हे आकड्यांनिशी मोठ्याने वाचून दाखवावे. सदस्य स्त्रीच्या जागी तिचा पती येऊन बसला, तर त्यास आदराने परत पाठवून तिलाच बोलवावे.

“आता कोणी नापास होत नाही” हा समजही जुना झाला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आली. अनुत्तीर्ण मुलास जादा मार्गदर्शन व दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते. त्यातही अपयश आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा शासन देऊ शकते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही.

शिक्षकांच्या तोंडून बहुधा निघत नाही असे एक कलम आहे, ते ३२ वे. बालकाच्या हक्काविषयी कोणासही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. मारहाण वा मानसिक छळ यांस कलम १७ ने मनाई असल्याने अशी तक्रार आपल्याविरुद्धही येऊ शकेल. तरीही समितीच्या पहिल्याच सभेत हे कलम वाचून दाखवावे, आणि तक्रार कोठे द्यावयाची ते शाळेच्या फलकावर लिहून ठेवावे.