कावेरीचा कुबडा महसीर

शास्त्रीय नाव : टॉर रेमादेवी (ही ओळख २०१८ मध्ये पक्की झाली)

अधिवास : फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्या

ओळख : डोक्यामागे ठळक उंचवटा, नारिंगी पर, वजन ५० किलोंहून अधिक भरू शकते

दर्जा : आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या लाल यादीत २०१८ पासून ‘अतिसंकटग्रस्त’. निसर्गातून नामशेष होण्याच्या एकच पायरी अलीकडे

धोके : धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर

महाराष्ट्राशी धागा : या निळ्या महसीरला वाचवण्यासाठी त्याची पैदास लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात झाली. त्याचे मत्स्यबीज कावेरीतही सोडले गेले. आज तो लाल यादीत ‘कमी चिंतेचा’ आहे. एका नदीचा मासा वाचवताना तो दुसऱ्या नदीत सोडू नये, हाच यातला धडा.