वनौषधींचा शुष्कीकरण-कक्ष : उष्णता आणि वायुवीजन यांचा मेळ

भाद्रपद-आश्विनात तुळस, माका, भुईआवळा, पुनर्नवा इत्यादी ताजी द्रव्ये औषधालयात येऊ लागतात. त्याच काळात हवा दमट असते आणि उन्हाचा भरवसा नसतो. अंगणात पसरलेले द्रव्य अवचित सरीने भिजते, तर पोत्यात भरून ठेवलेले आतल्या आत तापून काळे पडते. म्हणून एखादी खोली बंद करून तीत हीटर लावण्याचा मार्ग लहान फार्मसींत पत्करला जातो. परंतु केवळ उष्णता दिल्याने द्रव्य वाळत नाही. द्रव्यातून निघालेली वाफ खोलीबाहेर गेली नाही, तर तो कक्ष बुरशीसाठी अनुकूल असे उबदार व दमट स्थान होऊन बसतो.

हा प्रश्न केवळ रंग-गंधापुरता मर्यादित नाही. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असून ते साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. बुरशी लागलेले द्रव्य एकदा चूर्ण झाले की तो दोष डोळ्यांना दिसत नाही. वैद्य ते विश्वासाने देतो आणि रुग्ण विश्वासाने घेतो.

चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधी ठेवण्याच्या जागेचे वर्णन आहे. ती जागा निवात असावी, मात्र तिचा एक भाग प्रवात असावा. अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ व उंदीर यांचा तेथे उपसर्ग नसावा, असा त्याचा आशय आहे. हे विवेचन साठवणुकीसंबंधीचे असले, तरी वाऱ्याचा मारा नको पण हवेचा मार्ग हवा, हे तत्त्व शुष्कीकरणासही लागू पडते.

आता यामागील कार्यकारणभाव पाहू. 28 अंश सेल्सियस तापमानाची व 90 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा 40 अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील पाणी तेवढेच राहते. मात्र सापेक्ष आर्द्रता सुमारे 46 टक्क्यांवर येते. म्हणजे हवेची पाणी शोषण्याची क्षमता वाढते. ही क्षमता संपताच ती हवा बाहेर जाऊन नवी हवा आत आली पाहिजे. उष्णता हवेला तहान लावते आणि पंखा भरलेली हवा बाहेर नेतो. दोहोंपैकी एकाने काम भागत नाही.

हिशेब असा मांडता येईल. 80 टक्के जलांश असलेली 100 किलो तुळस 10 टक्के जलांशापर्यंत वाळविल्यास सुमारे 22 किलो शुष्क द्रव्य मिळते. म्हणजे सुमारे 78 किलो पाणी बाहेर काढावे लागते. वरील स्थितीतील एक घनमीटर हवा व्यवहारात सुमारे 2.5 ग्रॅम पाणी वाहून नेते असे धरल्यास सुमारे 31,000 घनमीटर हवा लागेल. हे काम 24 तासांत करावयाचे तर ताशी सुमारे 1,300 घनमीटर हवा खेळती हवी आणि ती 12 अंशांनी तापविण्यास सुमारे 5 किलोवॅट उष्णता लागेल. एका 2 किलोवॅटच्या घरगुती हीटरवर हे साधणार नाही. पंखा घेताना त्यावर दिलेली वायुवहनक्षमता या आकड्याशी ताडून पाहावी. साधने लहान असल्यास एका वेळी वाळवावयाचे द्रव्य कमी करावे.

कक्षाची रचना करताना हवा आत येण्याचा मार्ग एका भिंतीत खाली व बाहेर जाण्याचा मार्ग समोरच्या भिंतीत वर ठेवावा. दोन्हींना बारीक जाळी बसवावी. द्रव्य जमिनीवर न पसरता जाळीच्या ट्रेमध्ये ठेवावे, पानांचा थर 2 ते 3 सेंटिमीटरहून जाड नसावा आणि ट्रेंची अदलाबदल करावी. तापमापक व आर्द्रतामापक हवा बाहेर पडते त्या बाजूसही असावेत, कारण हीटरजवळील आकडा संपूर्ण कक्षाची स्थिती सांगत नाही.

तापमान द्रव्यानुसार ठरवावे. तुळस, पुदिना यांसारखी सुगंधी द्रव्ये व फुले 40 अंशांच्या आत वाळवावीत, अन्यथा उडनशील तेल निघून जाते. मुळे व साली यांचे तुकडे करून 50 ते 60 अंशांपर्यंत जाता येते. तथापि प्रारंभीच तीव्र उष्णता दिल्यास बाहेरील थर कडक होऊन आतील ओल कोंडते. म्हणून आरंभी मंद उष्णता व भरपूर वायुवीजन ठेवावे. वाफ निघणे कमी झाल्यावर वायुवीजन बेताचे करावे.

पान चुरगळल्यावर भुगा होणे व मुळाचा तुकडा कटकन मोडणे ही प्राथमिक परीक्षा होय. निर्णय मात्र 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत नमुना तापवून येणाऱ्या वजनघटीवरून घ्यावा. सुगंधी द्रव्यांत या घटीत तेलाचाही अंश असतो, हे ध्यानात घ्यावे. वाळलेले द्रव्य थंड झाल्यावरच भरावे. गरम असताना पिशवी बंद केल्यास आत पाणी साचते.

2000 साली औषधनिर्मितीच्या नियमांत समाविष्ट झालेल्या अनुसूची ‘टी’नेही कच्च्या द्रव्यांच्या कोठारात योग्य वायुवीजन व ओलीचा अभाव अपेक्षिलेला आहे. प्रत्येक खेपेची तारीख, ताजे व शुष्क वजन, तापमान आणि आर्द्रता यांची नोंद ठेवल्यास पुढील पावसाळ्यात अंदाजावर विसंबावे लागणार नाही. द्रव्य ओळखून घेण्यात जी दक्षता आपण बाळगतो, तीच ते वाळविण्यातही बाळगणे अगत्याचे आहे.