अणुअंक: मूलद्रव्याची खरी ओळख

अणूच्या केंद्रकात जितके धनप्रभारित प्रोटॉन असतात, ती संख्या म्हणजे त्या मूलद्रव्याचा अणुअंक होय. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असला, तर केंद्रकाबाहेरील ऋणप्रभारित इलेक्ट्रॉनही तितकेच असतात. मात्र इलेक्ट्रॉनांची संख्या बदलू शकते, म्हणून ओळख ठरते ती प्रोटॉनांवरूनच. सोडियमच्या अणूत 11 प्रोटॉन व 11 इलेक्ट्रॉन असतात आणि हा मऊ, चकचकीत धातू पाण्याशी जोरदार अभिक्रिया करतो. मिठात त्याचाच एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असल्याने उरतो तो 10 इलेक्ट्रॉनांचा धनप्रभारित आयन. निऑनजवळही 10 इलेक्ट्रॉन असतात, तरीही सोडियमचा आयन निऑन ठरत नाही, कारण त्याच्या केंद्रकातील 11 प्रोटॉन जागचे हललेले नसतात.

हे सत्य प्रयोगाने पक्के करण्याचे श्रेय हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाते. निकेलपेक्षा कोबाल्टचे अणुवस्तुमान किंचित अधिक असूनही मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीत कोबाल्ट आधी का येतो, याचे समाधानकारक उत्तर तोवर नव्हते. 1913 मध्ये मोझलीने निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली, तेव्हा तिचे वर्गमूळ अणुअंकाबरोबर एकसारख्या टप्प्यांनी वाढताना आढळले. कोबाल्ट 27वा आणि निकेल 28वा ठरला. त्या मांडणीत 43, 61 आणि 75 या जागा रिकाम्या दिसल्या, आणि पुढे तेथे टेक्नेशियम, प्रोमेथियम व ऱ्हेनियम सापडले. परंतु 1915 मध्ये गॅलिपोलीच्या रणांगणावर अवघ्या 27व्या वर्षी मारल्या गेलेल्या मोझलीला यांपैकी एकही शोध पाहता आला नाही.