मागणी नोंदली, पुढे काय?

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो होतो. तेथील प्राथमिक शाळेचे गुरुजी माझे जुने स्नेही. त्यांनी मला गाठून विचारले, "काय हो सर, शाळेसाठी मी रात्री मोबाइलवरून पृथ्वीचा गोल मागवला. पाचव्या दिवशी माणूस दारात हजर! मधले चार दिवस तो गोल कुठं होता, आणि त्याला आमचं गाव दाखवलं कुणी?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. आज त्याचेच उत्तर आपण पाहू.

आपण गावातल्या वाण्याकडे जातो आणि विचारतो, "गूळ आहे का?" तो मागे वळून फळीकडे बघतो आणि "आहे" म्हणतो. मोबाइलवरच्या दुकानात मात्र गिऱ्हाईक एका गावी, विकणारा दुसऱ्या गावी आणि माल तिसरीकडे. मागे वळून बघणार कोण? तेथे "आहे" असे सांगण्याचे काम एक वही करते. ही वही संगणकात असते. मागणी आल्यापासून माल पोचेपर्यंत कोणी, केव्हा, काय करायचे याचे नियमही तिच्यात घालून ठेवलेले असतात. पुरवठ्याचे सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच.

या वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन आकडे असतात. हातात किती, शब्द दिलेला माल किती, आणि विकायला मोकळा किती. समजा, गोदामात १० गोल आहेत. त्यांपैकी ३ दुसऱ्यांनी आधीच मागवले आहेत. म्हणजे मोकळे उरले ७. गुरुजींनी बटण दाबले की त्या ७ चे ६ होतात. गोल अजून जागचा हललेलाही नसतो, बरं का! पण तो आता गुरुजींचा झाला. शेवटचा एकच नग उरला असताना दोघांनी एकदमच मागणी केली, तर वही एकाचेच नाव घेते आणि दुसऱ्याला "संपला" म्हणून सांगते. एस.टी.च्या आरक्षणात एक आसन दोघांना देत नाहीत, तसेच हे.

मग गोदाम ठरते. ज्या गोदामात वस्तू आहे आणि जेथून ती लवकर व कमी खर्चात पोचेल, ते निवडले जाते. मुंबईजवळच्या भिवंडीला अशा गोदामांची मोठी वस्ती आहे. आपल्याला वाटेल, आत पुस्तके एकीकडे, साबण दुसरीकडे अशी मांडणी असेल. पण ॲमेझॉनसारख्या कंपनीच्या गोदामांत तसे नसते. जो खण मोकळा, त्यात आलेला माल! पुस्तकाशेजारी खेळणे, खेळण्याशेजारी साबण. यात जागा वाया जात नाही, आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी नसल्यामुळे चुकीची उचलली जाण्याचा संभवही कमी. मात्र कोणती वस्तू कोणत्या खणात ठेवली, हे प्रत्येक वेळी नोंदलेच पाहिजे.

त्यासाठी खणावर आणि वस्तूवर काळ्या रेघांची पट्टी असते. तिला बारकोड म्हणतात. दुकानात ही पट्टी यंत्राने प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात, च्युइंग गमच्या एका पाकिटावर. गोदामातला कामगार हातातल्या यंत्राने आधी खणाची पट्टी वाचतो, मग वस्तूची. जुळले तरच पुढे. बाजाराला जाताना आपण चार शेजाऱ्यांच्या पिशव्या बरोबर नेतो, त्याप्रमाणे तो एकाच फेरीत अनेकांच्या वस्तू गोळा करतो. फेरीची वाट सॉफ्टवेअर आखून देते. पुढे खोके बांधून वजन करतात. अपेक्षेपेक्षा वजन कमीजास्त भरले, तर खोके बाजूला काढून तपासतात.

आता गाव कसे सापडते? वडगाव नावाची गावे आपल्या राज्यात कितीतरी. टपालखात्याला ही अडचण जुनीच होती. ती सोडवण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांची. हे गृहस्थ संस्कृतात कविता आणि नाटके लिहीत! पहिला अंक ४ असला की पत्ता महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगडचा. पहिल्या तीन अंकांनी वर्गीकरणाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांनी नेमके टपाल कार्यालय. टपालासाठी केलेली ही योजना आज खोक्यांनाही वाट दाखवते. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांकडून आपल्या तालुक्याचे पिनकोड जमवून घ्या. भूगोलाचा एक छान पाठ होईल.

एवढे सगळे असूनही घोटाळे होतात, ते का? अमेरिकेत एका मोठ्या व्यापाऱ्याच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी संशोधकांनी तपासल्या. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी ६५ नोंदी फळीवरच्या मालाशी जुळत नव्हत्या! फळीवर काय आहे हे संगणकाला दिसत नाही. आपण लिहू तेवढेच त्याला कळते.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई बचत गटात आहे. गटाचा गोडा मसाला मोबाइलवरूनही विकला जातो. वहीत २० पाकिटे होती. मंगळवारच्या आठवडे बाजारात १२ खपली. ती वजा करायची राहिली. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर १५ मागण्या आल्या आणि हातात पाकिटे ८! सात मागण्या रद्द कराव्या लागल्या. विक्री करून देणाऱ्या कंपनीने त्या गटाच्या नावावर मांडल्या आणि त्यांचा माल यादीत खाली गेला. पुढचा महिनाभर मागणी जवळजवळ नव्हतीच. बायांची महिन्याची कमाई बुडाली, आणि मसाला तर उत्तम होता!

मग त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. वही एकीनेच सांभाळायची. बाजाराला निघालेली पाकिटे सकाळीच वजा करायची आणि उरलेली संध्याकाळी परत जमा करायची. रोज थोडा थोडा माल हाताने मोजून वहीशी ताडून पाहायचा. चौथी गोष्ट मी सुचवली. रोज ४ पाकिटे खपतात, नवा मसाला तयार व्हायला ५ दिवस लागतात. म्हणजे २० पाकिटे हवीतच. अडीअडचणीला आणखी ८ धरा. शिल्लक २८ वर आली की मिरच्या आणायला निघा. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरे हाच हिशेब लाखो वस्तूंसाठी करतात. आपल्या गटाला तो कागदावरही जमतो.

तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, गोल वाटेवर होता, आणि प्रत्येक मुक्कामी कोणीतरी त्याची नोंद केली म्हणून तो पोचला. "आहे" म्हणणे हा दिलेला शब्द असतो. तो पाळायचा, तर वस्तू हलली की त्याच क्षणी लिहिले पाहिजे, मग वही संगणकातली असो की कोनाड्यातली. आपल्या गावातून माल बाहेर पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.