वजनदार बार म्हणजे भक्कम बार?

घरच्या सरावासाठी बॅलेचा सुटा बार घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: तो चांगला जड आहे ना, आणि किती किलो भार पेलतो. यातला दुसरा आकडा तर फारसा कामाचाच नाही. तो दांडीवर सरळ खाली येणाऱ्या वजनाचा असतो आणि सुटा बार मोडण्याआधी उलटतो, तोही आडव्या ओढीने. 10 किलो वजनाचा, 105 सेंटिमीटर उंच आणि 60 सेंटिमीटर रुंद बैठकीचा बार घ्या. त्याची दांडी बाजूला ओढली, तर कलंडायला जेमतेम 3 किलोचा जोर पुरतो. वजन दुप्पट केलं तरी 6 किलोच्या आतच. अंग टाकून उभ्या राहिलेल्या माणसाकडून तेवढी ओढ नकळत बसते. उलट वजन तेच ठेवून बैठक 80 सेंटिमीटर केली, तर स्थैर्य एक तृतीयांशाने वाढतं आणि रोज सोफ्यामागून बार ओढून काढताना कंबरही शाबूत राहते.

पण नवशिक्याला आधार नको का? हवा, मात्र बार म्हणजे बसमधला दांडा नव्हे. हात त्यावर अलगद, शरीराच्या किंचित पुढे टेकायचा आणि कोपर सैल ठेवायचं. तोल सांभाळायचा तो उभ्या पायाने, कारण बारचे व्यायाम संपले की वर्गाचा उरलेला भाग काहीही न धरता करायचा असतो. बार सारखा डगमगत असेल, तर आधी स्वतःची पकड तपासावी. 2020च्या टाळेबंदीत इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तमारा रोहो यांनी आपल्या स्वयंपाकघरातून ऑनलाइन वर्ग घेतले. मग बारऐवजी ओटाच का नको? चालेल, पण आपल्याकडचा ओटा साधारण पावणेतीन फुटांचा. मोठ्या माणसाला तो बुटका पडतो आणि धड त्या बाजूला झुकतं. प्लास्टिकच्या खुर्चीचा तर विचारही नको. दांडीवर पाय ठेवून ताण द्यायचा असेल, तर बार उलटण्याची भीती रास्त आहे: स्टँडच्या बाहेर आलेल्या टोकावर पाय टाकला की चांगला बारही उचलला जातो. पाय दोन्ही स्टँडच्या मधेच ठेवावा. मुलं लोंबकळणार असतील, तर मात्र भिंतीत पक्का बसवलेला बारच घ्यावा.

म्हणून पैसे वजनापेक्षा उंचीच्या सोयीवर घालावेत. खांदे सैल सोडून हात टेकल्यावर खांदा वर चढला तर बार उंच आहे, कमरेतून वाकावं लागलं तर बुटका. वाढत्या वयाच्या मुलांसाठी उंची बदलता येणाराच घ्यावा. फक्त पिन भोकात घट्ट बसते का, हे दुकानातच हलवून पाहावं. दांडीची जाडी दीड ते दोन इंच पुरे. लांबीचा आग्रह नको, चार फूट एकाला भरपूर होतात. जागा मात्र बारची मोजू नये, पायाची मोजावी: ग्राँ बातमाँसाठी, म्हणजे पाय ताठ ठेवून उंच फेकण्यासाठी, पुढे, मागे आणि बाहेरच्या बाजूला साडेतीन-साडेतीन फूट मोकळे हवेत, आणि त्यात टीव्ही येता कामा नये.