इनाम आणि सूड : ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ या चित्रपटातील हिंसेचा अर्थ

प्रास्ताविक :
अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील शेरीफ, दरोडेखोर व बंदूकधारी यांच्या कथा सांगणाऱ्या ‘वेस्टर्न’ या हॉलिवूडच्या चित्रप्रकाराला १९६०च्या दशकात इटालियन दिग्दर्शकांनी वेगळे वळण दिले. ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवाहात सर्जिओ लिओने यांच्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा चित्रपट त्यातील हिंसाचारामुळे गाजला. तथापि ही हिंसा केवळ रंजनासाठी आहे की तिच्यामागे काही विचार आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मृत्यूची किंमत :
सरकारने जाहीर केलेल्या इनामासाठी गुन्हेगारांचा माग काढून त्यांना जिवंत वा मृत हजर करणारे ‘बाउंटी हंटर’ हे या कथेचे नायक होत. मॉन्को (क्लिंट ईस्टवुड) आणि कर्नल मॉर्टिमर (ली व्हॅन क्लीफ) हे असे दोघे इंडिओ (जान मारिया व्होलोन्ते) या दरोडेखोराच्या मागावर असतात. इंडिओच्या शिरावर १०,००० डॉलर्सचे इनाम आहे. भित्तिपत्रकावरील आकडा वाचणे, माणूस मारणे आणि शेरीफकडून रक्कम घेणे, असा हा व्यवहार आहे. त्यात खून गुन्हा राहत नाही. तो कायद्याने मान्य केलेला धंदा ठरतो. शिकारी आणि शिकार यांच्यातील नैतिक अंतर लिओने येथे जवळजवळ पुसून टाकतात.

घड्याळाचे सूर :
मॉर्टिमरचा हेतू मात्र वेगळा आहे आणि तो दिग्दर्शकाने अखेरपर्यंत झाकून ठेवला आहे. इंडिओजवळ उघडताच सूर वाजणारे एक खिशातले घड्याळ असते. सूर संपताच गोळी झाडायची, ही त्याची द्वंद्वाची रीत. एका ओसाड चर्चमध्ये, आपल्याला पकडून देणाऱ्या माणसाच्या पत्नीला व तान्ह्या मुलाला ठार करवून, तो त्या माणसालाही याच रीतीने मारतो. एन्निओ मोरिकोने यांच्या संगीतात घड्याळाची ही नाजूक धून ऑर्गन व ट्रम्पेटच्या स्वरांत मिसळत जाते. तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या पूर्वदृश्यांतून तिचा उगम कळतो : इंडिओने एका तरुणाला मारून त्याच्या पत्नीवर अत्याचार केला आणि तिने त्याच वेळी स्वतःला गोळी घालून घेतली. तसेच घड्याळ मॉर्टिमरजवळही आहे, कारण ती त्याची बहीण होती.

अंतिम द्वंद्वात मॉर्टिमर निःशस्त्र असताना धून संपत येते. त्याच क्षणी मॉन्को दुसरे घड्याळ उघडून धून पुढे चालू ठेवतो आणि मॉर्टिमरच्या हाती पिस्तूल देतो. पैशासाठी मारणारा माणूस येथे प्रथमच मोबदल्याविना न्याय्य लढतीची काळजी घेतो.

समारोप :
इंडिओला मारल्यावर मॉर्टिमर इनामातला आपला वाटा नाकारून निघून जातो, तर मॉन्को गाडीत रचलेली प्रेते मोजून रकमेची बेरीज करतो. या दोन कृतींच्या शेजारी असण्यातच चित्रपटाचा आशय आहे : कायदा मृत्यूची किंमत ठरवू शकतो, दुःखाची नाही. तरीही सूडाला येथे निर्मळ ठरविलेले नाही, कारण तोही त्याच बंदुकीने पुरा होतो.

लिओने यांच्या चित्रपटांचा प्रभाव असलेल्या ‘शोले’शी केलेली तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत सूडाच्या अखेरच्या क्षणी पोलीस येऊन ठाकूरला थांबवितात. मॉर्टिमरला थांबविण्यास मात्र कोणी येत नाही. कायद्याने इंडिओच्या मृत्यूचा दर आधीच भिंतीवर लावलेला असतो.